देह तिकडे, दगड इकडे: खाणीवरचं मरण वाचायचं कसं?

(काठी, तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



काठीत येऊन मरणावर बोलायचं म्हणजे जरा अवघडच आहे. बाहेरच्या माणसांना हे गाव माहीत आहे ते होळीसाठी. रात्रभर ढोल वाजतात, पहाटे होळी पेटते, तीन राज्यांतली माणसं डोंगर उतरून येतात. अशा गावात एक म्हातारा प्राध्यापक उभा राहतो आणि मर्तिकाच्या चालीरीतींवर बोलायला लागतो. संयोजकांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, 'सर, होळी वर्षातून एकदा येते, मरण रोज येतं.' यावर तत्त्वज्ञानाच्या माणसाला काही उत्तर देता येत नाही. म्हणून आलो.

विषय आहे खाणीवर मरणाऱ्या माणसांचा. काठीत खाण कुठे आहे, असं तुम्ही म्हणाल. खाण इथे नाही, पण खाणीत आणि दगडाच्या कारखान्यांत जाणारा माणूस याच डोंगरातला आहे. आणि त्याच्या मरणाबद्दल जे लिहिलं गेलं, ते कसं लिहिलं गेलं, याची समीक्षा मला आज करायची आहे. विधींची माहिती देणं हा माझा हेतू नाही. ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. मी जवळजवळ तीस वर्षं प्लेटोचा 'फीडो' शिकवला. सॉक्रेटिसचा शेवटचा दिवस. क्रिटो त्याला विचारतो, तुला पुरायचं कसं? सॉक्रेटिस हसून म्हणतो, पुरा हवं तसं, मी तुमच्या हाती लागलो तर! म्हणजे देह म्हणजे मी नव्हे, मग त्याची चिंता कशाला. हे मी फार रंगवून सांगत असे. मुलं लिहून घ्यायची.

एका वर्षी वर्गात नर्मदेपलीकडचा एक मुलगा होता. हुशार होता, बोलायचा कमी. दिवाळीनंतर तो पंधरा-वीस दिवस आलाच नाही. आला तेव्हा मी कारण विचारलं. म्हणाला, 'काकाचा दगड बसवायचा होता.' मी विचारलं, काका कधी वारले? म्हणाला, गेल्या पावसाळ्यात, गुजरातमध्ये. अग्नी तिकडेच दिला. मी म्हणालो, अरे, मग आता कसली घाई होती? मुलं हसली. मीही हसलो आणि हजेरीपटावर त्याची गैरहजेरी कायम ठेवली. जाता जाता तो एवढंच म्हणाला, 'सर, दगड बसला नाही तर तो माणूस तिकडेच राहतो.'

मी त्याला सॉक्रेटिसचं उत्तर दिलं नाही, एवढंच माझं नशीब. पण मनात ते होतं. त्याचं वाक्य नीट कळायला मला पुढची पंधरा वर्षं लागली. आजचं व्याख्यान म्हणजे त्या वाक्यावरचं भाष्य आहे असं समजा.

विनोद कुणावर आहे?

आधी थोडं लांब जाऊन येऊ. 'खाणकामगारांच्या मरणाच्या चाली' म्हटलं की जगभरच्या वाचकाला आठवतो अमेरिकेचा पश्चिम भाग. 1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, 1859 मध्ये नेवाडात चांदीची मोठी शीर सापडली, आणि जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसं तिकडे धावली. कुणाचं गाव नाही, नातं नाही, पुरोहित नाही. असा माणूस मेला तर त्याला निरोप द्यायचा कसा?

यावरचं सगळ्यांत गाजलेलं लेखन मार्क ट्वेनचं. 'रफिंग इट' हे त्याचं पुस्तक 1872 चं. त्यात बक फॅनशॉ नावाच्या एका दारूच्या गुत्त्याच्या मालकाच्या अंत्यविधीचं प्रकरण आहे. स्कॉटी ब्रिग्ज नावाचा रांगडा माणूस एका नव्या, पूर्वेकडून शिकून आलेल्या पाद्र्याकडे जातो. याला सांगायचं एवढंच असतं की आमचा मित्र मेलाय, चार शब्द बोला. पण हा बोलतो जुगाराच्या अड्ड्याच्या आणि खाणीच्या भाषेत, तो बोलतो धर्मशाळेच्या पुस्तकी भाषेत. पानंच्या पानं दोघांना एकमेकांचं काही कळत नाही. वाचताना हसू आवरत नाही.

आता समीक्षक म्हणून मी विचारतो, हा विनोद कुणावर आहे? बहुतेक वाचक स्कॉटीला हसतात. पण प्रकरणाच्या शेवटी ट्वेन काय करतो बघा. हाच स्कॉटी पुढे रविवारच्या शाळेत मुलांना बायबलच्या गोष्टी आपल्या भाषेत सांगायला लागतो आणि मुलं मन लावून ऐकतात. म्हणजे अडचण स्कॉटीच्या भावनेत नव्हतीच. मरणाविषयी बोलायची जी मान्य भाषा होती, तीच अपुरी होती. त्याच पुस्तकात पुढे ट्वेन सांगतो की व्हर्जिनिया सिटीच्या स्मशानातल्या पहिल्या सव्वीस कबरी खून झालेल्यांच्या होत्या. इथे विनोदाची धार कळते. जिथे गावच वसलेलं नाही, तिथे गावाचा पहिला दस्तऐवज म्हणजे स्मशान.

ट्वेनचं कौतुक करून मी त्याच्याशी भांडणार आहे. या प्रकरणात विधी होतो, मिरवणूक निघते, गाव बंद राहतं. पण फॅनशॉ ज्या गावातून आला असेल, तिथे कुणी त्याची वाट बघत असेल का, हा प्रश्न तिथे येत नाही. खाणकामगार जणू खाणीवरच जन्मला. खाणीवरच्या मरणाचं अर्धं चित्र असं नेहमी चौकटीबाहेर राहतं.

हे राहिलेलं अर्धं चित्र त्याच काळात, त्याच भूमीवर चिनी खाणकामगारांनी जगून दाखवलं. त्यांची रीत अशी होती. माणूस मेला की त्याला तिथे पुरायचं, पण तात्पुरतं. काही वर्षांनी उकरायचं, हाडं स्वच्छ करायची, नाव लिहून पेटीत ठेवायची आणि जहाजानं हाँगकाँगमार्गे त्याच्या गावी पाठवायची. खर्च त्यांच्या प्रांतवार मंडळांनी उचलायचा. 1878 साली कॅलिफोर्नियानं कायदा केला की उकरून हाडं न्यायची तर परवाना घ्या आणि दहा डॉलर भरा. कारण दिलं सार्वजनिक आरोग्याचं. जिवंतपणी ज्याच्याकडून परदेशी म्हणून खाणकर घेतला, त्याच्याकडून मेल्यावर परत जाण्याचाही कर घेतला.

हर्ट्‌झचा निबंध आणि त्यातली फट

या गोष्टी समजायला एका फ्रेंच अभ्यासकाची मदत होते. रोबेर हर्ट्‌झ. 1907 साली त्यानं मरणावर एक मोठा निबंध लिहिला. पुढे 1915 मध्ये, तिशी नुकतीच ओलांडलेला हा माणूस पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मरण म्हणजे एक क्षण, ही आपली आधुनिक समजूत आहे. अनेक समाजांत मरण ही बराच काळ चालणारी गोष्ट असते. आधी देहाची एक तात्पुरती व्यवस्था होते. मग मधला काळ. मृताचा आत्मा अधांतरी, घरचे लोक सुतकात. आणि मग दुसरा, शेवटचा विधी. तो झाला की मृत पूर्वजांत जमा होतो आणि जिवंत माणसं पुन्हा कामाला लागतात.

तुमच्याकडे हे सांगायला हर्ट्‌झ कशाला पाहिजे? आधी अग्नी किंवा माती, आणि मग सवडीनं, धान्य घरात आल्यावर, नातेवाईक जमवून दगड किंवा लाकडी खांब बसवणं. माळव्याकडचे भिल याला गाता म्हणतात, गुजरातेत पाळिया म्हणतात, आपल्या देशावर वीरगळ आहेत. दगडावर घोडेस्वार कोरलेला, वर चंद्र-सूर्य. आयुष्यात कधी घोड्यावर न बसलेला माणूसही त्या दगडावर घोड्यावर असतो.

पण हर्ट्‌झच्या निबंधात मला एक फट दिसते. त्याच्या डोळ्यांसमोर एका जागी राहणारं गाव आहे. पहिला विधी आणि दुसरा विधी, दोन्ही त्याच गावात, त्याच माणसांत. पोट भरायला सरहद्द ओलांडणाऱ्या माणसाचं काय? त्याच्या मरणाचे हेच दोन टप्पे दोन मुलखांत फाटतात. देह तिकडे, दगड इकडे. मधला काळ म्हणजे नुसता शोक उरत नाही. तो प्रवास होतो, निरोप पोचण्याची वाट होते, मुकादमाकडून राहिलेला पगार मागणं होतं, दाखल्यासाठी खेटे घालणं होतं. माझ्या विद्यार्थ्याचं वाक्य मला इथे समजलं. 'दगड बसला नाही तर तो तिकडेच राहतो.' हर्ट्‌झच्या भाषेत सांगायचं तर त्याचं मरण अर्धंच झालेलं असतं.

अकीकाची वाट

आता आपल्या डोंगराकडे येऊ. सातपुड्याची रांग पश्चिमेला गुजरातेत उतरते तिथे राजपिपळ्याचे डोंगर आहेत. त्यात रतनपूर, भरूच जिल्ह्यातलं. तिथे अकीकाच्या खाणी. लाल अकीक, ज्याचे मणी होतात. खड्डे खणायचे, गोटे वर काढायचे, उन्हात महिनोन्‌महिने वाळवायचे, मग मडक्यांत घालून शेणाच्या आगीत भाजायचे, म्हणजे रंग लाल होतो. मग खंभातला कारागीर त्याचे मणी करतो. हा धंदा हजारो वर्षांचा आहे. इराकमध्ये उर नावाच्या प्राचीन नगरीत लिओनार्ड वूली यांनी 1922 ते 1934 या काळात उत्खनन केलं. तिथल्या राजघराण्याच्या थडग्यांत, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या, पुआबी राणीच्या अंगावर सोन्याबरोबर लाल अकीकाचे मणी निघाले. तिथल्या अकीकाच्या मण्यांतले काही सिंधू संस्कृतीच्या प्रदेशातून गेले हे अभ्यासक मान्य करतात, आणि त्या संस्कृतीचा अकीक मुख्यतः गुजरातचा.

म्हणजे आपल्या भागातला दगड परदेशी राणीच्या थडग्यात पोचला. तो खणणाऱ्या माणसाचं काय झालं, कुणाला ठाऊक नाही. इतिहासात ज्याचं मरण नोंदलं गेलं तो मणी घालणारा. मणी खणणारा नाही.

अलीकडच्या काळात या खाणींत उतरणारे बहुतेक भिल. 1819 साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या खंडात जॉन कोपलंड यांचा या खाणींवरचा लेख छापून आला. चांगला, काटेकोर लेख आहे. खड्डा किती रुंद, किती खोल, गोटे कसे निवडतात, वाघांच्या भीतीनं खाणीजवळ वस्ती कशी नाही, सगळं आहे. पण नजर दगडावर आहे. माणूस येतो तो दगड वर आणणारे हात म्हणून.

आणि त्याच रतनपूरच्या डोंगरावर एक कबर आहे. बावा गोर यांची. आफ्रिकेतून आलेले हे संत अकीकाच्या धंद्याचे मूळ पुरुष मानले जातात. सिद्दी फकीर दर्ग्याची सेवा करतात, आणि हिंदू, मुसलमान, पारशी, भिल, सगळे तिथे जातात. ज्या धंद्यात शेकडो अनाम माणसं खपली, त्या धंद्यानं एक कबर मात्र जपली, आणि तीही दूरदेशाहून आलेल्या माणसाची. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. स्वतःच्या माणसांची नोंद ठेवता येत नाही तेव्हा समाज एका कबरीवर सगळ्यांचं ओझं ठेवतो.

कोपर्स यांचा प्रश्न आणि आपला प्रश्न

भिलांच्या स्मृतिशिळांवर सर्वांत गंभीर काम केलं ते व्हिएन्नाचे धर्मगुरू-मानववंशशास्त्रज्ञ विल्हेल्म कोपर्स यांनी. 1938-39 मध्ये ते मध्य भारतात भिलांत हिंडले. 1942 मध्ये त्यांचा मोठा निबंध आला, मृतांच्या स्मारकांवर. त्यांचे उपकार मान्य करूनच बोलतो. निबंधाच्या उपशीर्षकातच त्यांनी सांगून टाकलं की हे लेखन महापाषाणांच्या समस्येला हातभार लावण्यासाठी आहे. म्हणजे प्रश्न काय? ही चाल आली कुठून? कुठल्या प्राचीन संस्कृतीचा हा अवशेष?

प्रश्न चुकीचा नाही. पण त्यामुळे समोरचा ताजा दगड पुराणवस्तू होऊन जातो. दगड कुणाचा, कुणी बसवला, त्यासाठी कर्ज किती झालं, हे प्रश्न मागे पडतात. पुढच्या बऱ्याच लेखकांनी, मराठीतल्याही, हाच कित्ता गिरवला. 'आदिवासींच्या मृत्यूविषयक रूढी' असं प्रकरण असतं, त्यात कसं पुरतात, कसं जाळतात, किती दिवसांनी जेवण घालतात. माणूस कशानं मेला, हे त्या प्रकरणात कधी येत नाही. विधी आणि मरणाचं कारण यांची अशी ताटातूट करणं, ही आपल्या सगळ्या लेखनातली मोठी खोट आहे असं माझं मत आहे.

कारण मरणाचं कारणही इथे दगडच आहे. नर्मदेपलीकडे अलिराजपूर, झाबुआ, धार इथून भिल आणि भिलाला माणसं गुजरातेत गोध्रा, बालासिनोरकडे गारगोटीची पूड करणाऱ्या कारखान्यांत गेली. बारीक सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते, तिथे जखमा होऊन फुप्फुस आखडतं. याला सिलिकोसिस म्हणतात. औषध नाही. काम सोडलं तरी रोग वाढतच राहतो. खंभातच्या अकीक घासणाऱ्यांना हाच रोग होतो. आणि खेड्यातला डॉक्टर बऱ्याचदा क्षय समजून औषध देतो.

2010 मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं भरपाईची शिफारस केली. मे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरात सरकारला आदेश दिला की मेलेल्या 238 जणांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्या. फार मोठा निकाल आहे. पण 238 हा आकडा नीट वाचा. ही नोंद झालेली माणसं आहेत. ज्यांचा एक्स-रे निघाला, नाव यादीत चढलं. एक्स-रे न काढता जो गेला, ज्याच्या कागदावर क्षय लिहिलं, त्याची नोंद कुठे? ती असेल तर गावाच्या शिवेवर, दगडावर. माझ्या विद्यार्थ्याच्या काकाचंही असंच होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. मी ज्याला रूढी समजून हसलो होतो, तो एका माणसाच्या मरणाचा बहुधा एकमेव दाखला होता.

पुरावा आणि साक्ष

गंमत अशी की साहित्याच्या आणि मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांआधी हे कायद्याला कळलं. 2006 च्या वनहक्क कायद्याचे नियम 1 जानेवारी 2008 ला आले. त्यातला तेरावा नियम सांगतो की दाव्यासाठी कोणते पुरावे चालतील. त्यात विहिरी, पवित्र स्थानं आणि दफनभूमी यांसारख्या जुन्या रचना आहेत. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही आहे. म्हणजे तुमच्या पूर्वजांची जागा हा तुमच्या वहिवाटीचा पुरावा आहे. ज्या चालीला आम्ही 'अवशेष' म्हणत होतो, ती कायद्यात सातबाऱ्याच्या शेजारी येऊन बसली.

इथे माझ्यावरच एक आक्षेप घेतो. दगडाला पुरावा म्हटलं की तो छोटा होत नाही का? एखादा म्हातारा म्हणेल, बाबा, माझ्या बापाचा दगड म्हणजे तुझ्या फायलीचं जोडपत्र नव्हे. बरोबर आहे त्याचं. पुरावा आणि साक्ष यांत मी फरक करतो. पुरावा खटल्यापुरता असतो, निकाल लागला की त्याचं काम संपतं. साक्ष देणारा मात्र तिथे उभा असतो, कुणी विचारो न विचारो. दगड आधी साक्षीला उभा आहे, कधीमधी तो पुराव्याच्याही कामी येतो. हा क्रम उलटा झाला की काय होतं, ते याच तालुक्यानं पाहिलंय. सरदार सरोवरात मणिबेलीपासून महाराष्ट्राची 33 गावं बुडिताखाली आली. 1979 च्या लवादानं जमिनीला जमीन देण्याचं तत्त्व मान्य केलं होतं. जमीन मिळाली की नाही, कशी मिळाली, ही वेगळी लढाई. पण पाण्याखाली गेलेल्या पूर्वजाच्या जागेला बदली जागा कुठल्या तक्त्यात बसवणार? तिथे पुराव्याची भाषा संपते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. सरहद्दीवरच्या, खाणीवरच्या माणसाच्या मरणाची चाल वाचताना तिला वेगळी काढून वाचू नका. तिच्याबरोबर त्याचं काम वाचा, धूळ वाचा, मुकादम वाचा, प्रवास वाचा. ट्वेननं भाषेची अडचण दाखवली, हर्ट्‌झनं काळ दाखवला, कोपर्सनं दगड दाखवला. दगडाखालच्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं. ते आता आपण विचारायचं.

प्रश्नोत्तरांतून

(व्याख्यानानंतर एका तरुणानं विचारलं: 'सर, हे सगळं पटलं, पण आमच्या गावानं नेमकं काय करायचं?')

दादा, मी वकील नाही, डॉक्टरही नाही. पण एक वही करता येईल. गावातून कामाला बाहेर गेलेला प्रत्येक माणूस त्यात लिहा. कुठे गेला, कसलं काम, किती वर्षं, कोणाबरोबर गेला. मेला असेल तर कुठे, केव्हा, कागदावर काय लिहिलंय. दगड कुठे बसवला, तेही लिहा. ग्रामसभेत वाचा आणि सह्या घ्या. आणि जो धुळीत काम करून आला आणि आता खोकतोय, त्याच्याबरोबर दवाखान्यात जा. डॉक्टरला सांगा, हा दगडाच्या पुडीत काम करत होता, एक्स-रे काढा. हे सांगितलं नाही तर डॉक्टरला कळायचा मार्ग नाही. मेल्यावरची नोंद दगड ठेवेल. जिवंतपणीची नोंद आपल्यालाच ठेवावी लागेल.

आणि तुम्ही कुठे शिक्षक झालात, तर 'काकाचा दगड बसवायचा होता' असं म्हणणाऱ्या मुलाला आधी काकाचं नाव विचारा. मी विचारलं नव्हतं.